'वॉटर'चे इडियम्स पाठ आहेत पण वापरता येत नाहीत, त्याचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की 'वॉटर' या एका शब्दावरच्या इंग्लिश इडियम्सची लांबलचक यादी तुम्ही पाठ केलीत तरी बोलताना एकही वेळेवर तोंडात येत नाही, आणि एकदा ऑफिसच्या कॉलवर 'इट्स वॉटर अंडर द ब्रिज' म्हणालात तर तिकडचा मॅनेजर म्हणाला 'ग्रेट, मग पुढे जाऊ' आणि तुम्हाला जो विषय काढायचा होता तोच बंद झाला. शिवाय चार वाक्यं तपासायला दिलीत, ती शेवटी घेते. मी बरीच वर्षं मराठी मीडियममधून आलेल्या मोठ्या माणसांना इंग्लिश शिकवते, त्यात आयटीवाले आहेत, बाहेर जाणाऱ्या नर्सेस आहेत, जहाजावर जाणारी कोकणातली आणि गोव्यातली मुलं आहेत, आणि हा प्रश्न या ना त्या रूपात सगळ्यांचाच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी पुलाचं बघू. मराठीत आपण म्हणतो 'दरम्यान पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलंय', म्हणजे काळ गेला, परिस्थिती बदलली, आता नव्याने विचार करा. इंग्लिशमधे यासाठी 'अ लॉट ऑफ वॉटर हॅज फ्लोड अंडर द ब्रिज' आहे, ते आपल्या जवळचं आहे. पण 'इट्स वॉटर अंडर द ब्रिज' म्हटलं की अर्थ होतो झालं गेलं, माझ्या मनात काही नाही, तो विषय संपला. तुमच्या मॅनेजरने अगदी बरोबर ऐकलं. पूल तोच, पाणी तेच, पण क्रियापद बदललं की अर्थ फिरला. यादीत तुम्हाला कदाचित एवढंच दिलं असेल, 'वॉटर अंडर द ब्रिज' म्हणजे जुनी गोष्ट. तेवढ्यावर ते बोलताना वापरता येतच नाही, त्यात तुमचा दोष नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की नाम एकटं पाठ करू नका, ते कुठल्या क्रियापदाबरोबर येतं, आधी 'द' लागतो का, मागे 'एस' लागतो का, हे सगळं एकत्र उचला, आणि इडियम्सच्या आधी रोजच्या साध्या जोड्या पक्क्या करा. या जोड्यांना भाषाशास्त्रात कॉलोकेशन म्हणतात. जे. आर. फर्थ नावाचे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ होते, शब्द ओळखायचा तर त्याची सोबत बघा हा विचार त्यांनी १९५७ साली मांडला आणि तो फार गाजला. हे फर्थ त्याआधी तरुणपणी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, म्हणजे आपल्याकडचं इंग्लिश त्यांनी जवळून ऐकलेलं होतं.

आता साध्या जोड्या. मी इथे मुद्दाम जास्त वेळ घालवतेय, कारण चुका इथेच होतात आणि याद्यांमधे हे कधीच नसतं. आपण पाणी भरतो. सकाळी उठून पहिलं काम तेच. मग इंग्लिशमधे सरळ 'आय वॉज फिलिंग वॉटर' येतं. भारतात हे सगळ्यांना कळतं, पण इंग्लिशमधे 'फिल' भांड्याला लागतं, पाण्याला नाही. 'आय फिल्ड द बकेट', 'फिल द बॉटल प्लीज'. पाणी आलं, पाणी गेलं याचंही तसंच. 'वॉटर केम अॅट सिक्स' म्हटलं तर परदेशी माणसाला वाटेल घरात पूर आला. 'वी गेट वॉटर फ्रॉम सिक्स टू एट' म्हणा, आणि नळ कोरडा असेल तर 'द वॉटर इज ऑफ'. नळ आपण बंद करतो म्हणून 'क्लोज द टॅप' म्हणतो, तिथे 'टर्न ऑफ द टॅप', अमेरिकेत टॅपऐवजी बहुतेक 'फॉसेट'. नळ गळतोय तर 'द टॅप इज ड्रिपिंग', छत गळतंय तर 'द रूफ इज लीकिंग', मराठीत दोन्हीकडे गळणंच आहे म्हणून गोंधळ होतो. झाडांना पाणी घालणं म्हणजे नुसतं 'वॉटर द प्लांट्स', इथे वॉटर स्वतःच क्रियापद आहे, 'पुट वॉटर टू द प्लांट्स' नाही.

हॉटेलमधे 'वन वॉटर बॉटल' आपण सर्रास म्हणतो. पण वॉटर बॉटल म्हणजे शाळेत नेतो ती बाटली, वस्तू. पाण्याने भरलेली बाटली हवी तर 'अ बॉटल ऑफ वॉटर'. बाहेर वेटर विचारतो 'स्टिल ऑर स्पार्कलिंग?', म्हणजे साधं हवं का बुडबुड्यांचं, आणि फुकटचं नळाचं पाहिजे असेल तर 'टॅप वॉटर प्लीज' म्हणायला अजिबात लाजू नका, तिथले लोकही तेच मागवतात. दोन जणांसाठी 'टू वॉटर्स प्लीज' चालतं, ग्रामरच्या पुस्तकात वॉटर अनकाउंटेबल असलं तरी ऑर्डर देताना ते मोजलं जातं. मिनरल वॉटरचं पण सांगून टाकते, आपल्याकडे कुठल्याही बंद बाटलीला मिनरल वॉटर म्हणतात, पण बाटलीवरचं लेबल वाचा, बहुतेक वेळा तिथे पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर लिहिलेलं असतं. भारतीय मानकांत दोन्ही वेगळी आहेत, पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटरला आयएस १४५४३ आणि नैसर्गिक मिनरल वॉटरला आयएस १३४२८. म्हणजे ही नुसती बोलण्याची तऱ्हा नाही, जोडी बदलली की वस्तू बदलते.

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे जड पाणी. बोअरचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, हे आपण घरोघरी म्हणतो. मग विद्यार्थी लिहितात 'अवर बोअरवेल हॅज हेवी वॉटर'. बोअरचं ते 'हार्ड वॉटर', त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. 'हेवी वॉटर' म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड प्रकार, असतो ते, अणुभट्टीत लागणारं, आपल्या रायगड जिल्ह्यात थळला त्याचा कारखाना आहे. मराठीत दोन्हीला जड पाणीच म्हणतात म्हणून घोटाळा होतो. आणि 'फ्रेश वॉटर' वाचलं की लगेच ताजं पाणी समजू नका. नदी, तळं, मासे यांच्या संदर्भात ते गोडं पाणी असतं, म्हणजे खारं नाही ते. फुलदाणीत 'फ्रेश वॉटर' घाला म्हटलं तर मात्र खरंच ताजं.

सगळ्यात जास्त मी ज्याबद्दल सांगत असते ते डोळ्यांचं. डोळ्यात पाणी आलं हे मराठीत रडू आलं यासाठी. 'माय आइज वेअर वॉटरिंग' म्हटलं तर इंग्लिश माणसाला कांदा, धूर, नाहीतर अॅलर्जी आठवते. आईच्या आठवणीने आलं असेल तर 'टिअर्स केम टू माय आइज' किंवा 'माय आइज फिल्ड विथ टिअर्स'. निरोप समारंभाच्या भाषणात ही चूक झाली तर फार वाईट वाटतं, कारण बोलणारा मनापासून बोलत असतो आणि ऐकणाऱ्यापर्यंत भलतंच पोचतं. तोंडाला पाणी सुटणं मात्र जसंच्या तसं जमतं, 'माय माउथ इज वॉटरिंग', 'माउथवॉटरिंग'.

नर्सिंगवाल्यांसाठी दोन जोड्या तर सोडूच नका. बाळंतपणात आपण पाणी गेलं म्हणतो, ब्रिटनमधे 'हर वॉटर्स हॅव ब्रोकन', अनेकवचन, अमेरिकेत 'हर वॉटर ब्रोक', एकवचन. आणि वयस्कर पेशंटला 'हॅव यू पास्ड वॉटर?' विचारतात तेव्हा लघवी झाली का असं विचारतायत, पाणी दिलं का असं नाही. जहाजावर 'शी इज टेकिंग ऑन वॉटर' ऐकू आलं तर पाणी भरून घेतायत असं समजून निवांत बसू नका, जहाजात पाणी शिरतंय असा तो इशारा असू शकतो.

या 'एस'बद्दल एक लक्षात ठेवा. मोठं, पसरलेलं, कुणाच्या तरी हद्दीतलं पाणी असलं की बहुतेक वेळा 'वॉटर्स' होतं. 'टेरिटोरियल वॉटर्स' म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र, त्यापलीकडे बऱ्याच पुढे 'इंटरनॅशनल वॉटर्स'. तशा मोकळ्या पाण्यावरून आलेले इडियम्सही अनेकवचनात, 'अनचार्टेड वॉटर्स' म्हणजे ज्याचा नकाशा नाही असा प्रदेश, 'ट्रबल्ड वॉटर्स' म्हणजे अशांत परिस्थिती, 'मडी द वॉटर्स' म्हणजे विषय गढूळ करून गोंधळ वाढवणं. उलट भांड्यातलं, नळातलं, अंघोळीचं पाणी एकवचनात राहतं, 'इन हॉट वॉटर' म्हणजे अडचणीत, 'पोअर कोल्ड वॉटर ऑन समथिंग' म्हणजे कशावर तरी पाणी फिरवणं, उत्साह घालवणं, 'होल्ड वॉटर' म्हणजे म्हणणं तपासल्यावर टिकणं. शंभर टक्के नियम नाही हा, 'टेस्ट द वॉटर' आणि 'टेस्ट द वॉटर्स', म्हणजे आधी चाचपून बघणं, दोन्ही चालतात, पण अंदाज घ्यायला याचा खूप उपयोग होतो.

आता इडियम्स. यात सगळ्यात फसवे ते, ज्यांच्यासारखं मराठीत काहीतरी आहे. 'वॉटर ऑफ अ डक्स बॅक', बदकाच्या पाठीवरून पाणी ओघळून जातं तसं. याला गाईडमधे पालथ्या घड्यावर पाणी देतात. जवळचं आहे पण सूर वेगळा. पालथा घडा म्हणजे कितीही शिकवा शिकतच नाही, तक्रार आहे. बदकासारख्या माणसाला टीका लागत नाही, तो शांत राहतो, आणि इंग्लिशमधे हे पुष्कळदा कौतुकाने म्हणतात. कुणी याला अळवावरचं पाणी म्हणतं, ते तर साफ चूक, अळवावरचं पाणी म्हणजे क्षणभंगुर. तसंच 'अ फिश आऊट ऑफ वॉटर'. आपल्या अभंगातली मासोळी पाण्याबाहेर तळमळते, जीव जातो तिचा. इंग्लिशमधला मासा नुसता अवघडलेला असतो, नव्या ऑफिसात किंवा ओळखीचं कुणी नसलेल्या पार्टीत. त्यामुळे कुणाच्या विरहाबद्दल ते वापरू नका, फार हलकं वाटेल.

आणि 'पोअर ऑइल ऑन ट्रबल्ड वॉटर्स'. तेल ओतणं ऐकलं की आपल्याला आगीत तेल ओतणंच आठवतं आणि दर बॅचमधे कुणीतरी भांडण वाढवणं असा अर्थ सांगतंच. अर्थ बरोबर उलटा आहे, भांडण शांत करणं. तेलाने खरंच लाटा शमतात. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनमधे क्लॅपमच्या तळ्यावर चमचाभर तेल टाकून बघितलं, ते पसरत गेलं आणि तळ्याचा मोठा भाग काचेसारखा गुळगुळीत झाला, हे त्याने १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलंय. तेलाचा अगदी पातळ थर पाण्यावर पसरतो आणि वाऱ्याने उठणाऱ्या बारीक लाटा तिथे दबतात. एकदा हे तळं डोळ्यासमोर आलं की मग आग मधे येत नाही.

काही ठिकाणी मात्र दोन्ही भाषा खरंच एकत्र येतात आणि तिथे मला फार आनंद होतो. 'ऑफ द फर्स्ट वॉटर' म्हणजे अव्वल दर्जाचं. हे आलंय हिऱ्यावरून, हिऱ्याच्या पारदर्शकपणाला युरोपातले जवाहिरे वॉटर म्हणायचे, आणि ही बोली त्यांच्याकडे अरबी व्यापाऱ्यांकडून आली असावी असं कोशकार मानतात. आपणही मोत्याचं पाणी, पाणीदार हिरा म्हणतोच की. फारसीत आब म्हणजे पाणी आणि तेजही, त्यावरून आपला आब राखणं, आणि आबरू म्हणजे मुळात चेहऱ्याचं पाणी. आज इंग्लिशमधे 'ऑफ द फर्स्ट वॉटर' जुनाट वाटतं आणि बऱ्याचदा वाईट अर्थाने येतं, 'अ फूल ऑफ द फर्स्ट वॉटर' म्हणजे पक्का मूर्ख, त्यामुळे समजून घ्या पण वापरायची गरज नाही.

'वॉटरशेड'चंही असंच समजून घेण्यासारखं आहे. ब्रिटिश इंग्लिशमधे मूळ अर्थ पाणी दुभागणारी डोंगराची धार. आपल्या महाबळेश्वरचं बघा, कृष्णा आणि सावित्री दोन्ही तिथल्याच डोंगरातून निघतात, सावित्री पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला मिळते आणि कृष्णा पूर्वेला वळून पार बंगालच्या उपसागरात जाते. मधली जी धार तीच वॉटरशेड. म्हणून 'अ वॉटरशेड मोमेंट' म्हणजे असा क्षण की त्याच्या अलीकडची आणि पलीकडची दिशाच वेगळी. नुसतं महत्त्वाचा क्षण असा अर्थ घेतला तर तो प्रत्येक ठिकाणी वापरला जातो, वाढदिवसाला सुद्धा, मग ते चुकतं. अमेरिकेत आणि आपल्या सरकारी योजनांमधे वॉटरशेड म्हणजे ती धार नाही तर एका प्रवाहाला मिळणारं सगळं क्षेत्र, ज्याला आपण पाणलोट म्हणतो. आणि ब्रिटिश टीव्हीवर 'आफ्टर द वॉटरशेड' म्हणजे रात्री ९ नंतर, मोठ्यांचे कार्यक्रम लावायला परवानगी असते ती वेळ.

नेटवर फिरणाऱ्या दोन गोष्टींवर विश्वास ठेवू नका. एक, 'ब्लड इज थिकर दॅन वॉटर' हे खरं म्हणजे करारातलं रक्त गर्भातल्या पाण्यापेक्षा घट्ट अशा उलट अर्थाच्या लांब म्हणीचं तोडलेलं रूप आहे म्हणे. जुन्या लिखाणात त्या लांब म्हणीचा पुरावा नाही, छोटं रूप मात्र वॉल्टर स्कॉटच्या १८१५ सालच्या कादंबरीतही आहे आणि तिथेही अर्थ रक्ताचं नातं हाच. दुसरी, 'डोन्ट थ्रो द बेबी आऊट विथ द बाथवॉटर', यावर ती गोष्ट की पूर्वी सगळं घर एकाच पाण्यात अंघोळ करायचं आणि शेवटी पाणी इतकं काळं व्हायचं की बाळ दिसायचं नाही. ही जर्मन म्हण आहे, १५१२ साली थॉमस मुर्नरच्या उपहासात्मक पुस्तकात चित्रासकट छापलेली, आणि इंग्लिशमधे ती एकोणिसाव्या शतकात टॉमस कार्लाइल या लेखकाने आणली. नको ते टाकताना हवं ते पण टाकू नका एवढाच अर्थ, काळ्या पाण्याची गोष्ट कुणीतरी मागाहून रचलीय.

बोलण्यात कुठले आणायचे म्हणाल तर माझ्या मते थोडेच. ऑफिससाठी 'टेस्ट द वॉटर्स', 'ट्रेडिंग (treading) वॉटर' म्हणजे पोहताना एकाच जागी पाय मारत राहणं, बुडत नाही पण पुढेही जात नाही, 'कीप युवर हेड अबव्ह वॉटर' म्हणजे पैशाने किंवा कामाने कसंबसं तगून राहणं, आणि 'वॉटर डाउन', रिपोर्ट किंवा कायदा पाणचट करणं. 'कम हेल ऑर हाय वॉटर' म्हणजे काही झालं तरी, ते मित्रांत ठीक, क्लायंटच्या मेलमधे नको. 'बॅकवॉटर' जपून, केरळच्या बॅकवॉटर्सना जाणं छान, पण कुणाच्या गावाला 'अ बॅकवॉटर' म्हणालात तर ते मागासलेला कोनाडा म्हणाल्यासारखं आहे. नवीन जोडी ऐकली की वहीत शब्द लिहू नका, ज्या वाक्यात ऐकली ते पूर्ण वाक्य लिहा, कोण कुणाला म्हणालं ते पण लिहा, आणि त्याच आठवड्यात तुमच्या कामातलं एक खरं वाक्य त्याखाली तयार करा. मेल लिहिण्याआधी शंका आली तर कोशात 'वॉटर' उघडून नुसता अर्थ न बघता खालची उदाहरणं वाचा, 'द' आहे का, होकारार्थी आहे का नकारार्थी, सगळं तिथेच दिसतं.

आता तुमची चार वाक्यं. 'आय अॅम इन डीप वॉटर विथ माय बॉस', यात बॉस चिडलाय असं म्हणायचंय ना, मग 'इन हॉट वॉटर विथ माय बॉस'. डीप वॉटर म्हणजे काम किंवा परिस्थिती आवाक्याबाहेर गेली, तिथे कुणी रागावलेलं असायची गरज नाही. 'हिज रीझन इज होल्डिंग वॉटर' हे कुणी म्हणत नाही, इथे 'इंग' लागत नाही आणि हे बहुतेक नकारातच येतं, 'हिज एक्स्प्लनेशन डझंट होल्ड वॉटर', रीझनपेक्षा एक्स्प्लनेशन, आर्ग्युमेंट किंवा थिअरी याच्याशी ते जास्त जुळतं. 'वी आर टेस्टिंग द वॉटर ऑफ नागपूर मार्केट' वाचून नागपूरच्या पाण्याचे नमुने लॅबला पाठवलेत असं वाटतं, 'वी आर टेस्टिंग द वॉटर्स इन नागपूर' करा, मार्केट शब्द लागतच नाही. आणि चौथं, 'द प्रोजेक्ट इज डेड इन वॉटर', यात 'द' राहिलाय, 'डेड इन द वॉटर', वारा पडल्यावर जागच्या जागी थांबलेल्या शिडाच्या जहाजावरून आलंय ते, पण आज याचा अर्थ प्रोजेक्ट आता होत नाही असाच घेतात. तुमच्या मेलमधे पुढे लिहिलंय की पुढच्या महिन्यात परत सुरू करू, मग हे वाक्य काढून टाका आणि 'द प्रोजेक्ट इज ऑन होल्ड अंटिल नेक्स्ट मंथ' एवढंच लिहा, क्लायंटला पहिल्या वाचनात कळेल.